पाय ठेवण्यास सक्त मनाई

परत येऊन आठ दिवस झाले, तरी नखांतला चुना पुरता निघत नाही. लोक प्रवासाहून येताना काही ना काही घेऊन येतात. मी परभणी जिल्ह्यातून एवढाच ऐवज आणला. कॅमेऱ्यात कामाचा एक फोटो नाही, वहीत एक मोजमाप नाही. बहीण फोनवर रोज विचारते, "मग काय पाहिलंस?" ते एका वाक्यात सांगता येईना, म्हणून हे लिहायला बसले.

गेले कशाला ते आधी सांगते. सांगलीच्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवत असे. निवृत्त झाल्यावर, चार वर्षांपूर्वी, पेरू देशातलं वाळवंट पाहून आले. तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. वरचे काळपट दगड बाजूला सारले की खालची फिकट जमीन उघडी पडते, आणि एवढ्या एका युक्तीवर तिथल्या जुन्या माणसांनी मैलोगणती सरळ रेघा, माकड, कोळी, पक्षी काढून ठेवलेत. ते इतके मोठे की जमिनीवर उभं राहून काही कळत नाही, छोट्या विमानातून बघावे लागतात. विमानात मला मळमळायला लागलं आणि अर्ध्या माकडानंतर मी डोळे मिटून घेतले, ते जाऊ द्या. प्रश्न असा, की ज्यांच्याकडे विमानं नव्हती त्यांनी ही चित्रं काढली कशाला? कुणी म्हणतं देवांना दिसावीत म्हणून, कुणी म्हणतं पाण्याच्या नवसाला. काहींच्या मते ती बघायची नव्हतीच, त्यांच्यावरून चालायचं होतं; कारण बरीच चित्रं एकाच न तुटलेल्या रेघेची आहेत, एका टोकानं शिरलं की दुसऱ्या टोकानं बाहेर. मला हे पटतं. पण विचारणार कुणाला? काढणारे केव्हाच गेले. वाळवंटातल्या अशा चित्रांवर मी पुस्तक लिहायला घेतलं आणि 'कशासाठी?' या शेवटच्या प्रकरणाशी दीड वर्ष अडकून पडले.

अशात माधवचा फोन आला. हा माझा जुना विद्यार्थी, आता पालम तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक आहे. गावाच्या माळावर एका लग्नाच्या शूटिंगवाल्यानं नवरानवरीचं चित्रण करायला ड्रोन उडवला, तर नवरानवरी राहिली बाजूला आणि खाली दगडांची मोठीच्या मोठी वेटोळी दिसली. माधवनं तो फोटो पाठवला. दगडांच्या ओळींमधून एक वाट गरगरत आत जाते, मधोमध वळते आणि आत जाणाऱ्या वाटेच्या शेजारून तशीच गरगरत बाहेर येते. एक तोंड आत शिरायला, एक बाहेर पडायला. मी फोटो पाहत बसले आणि चहा थंड झाला.

लगेच माधवला फोन लावला, आणि तिथेच घोळ घातला. मी म्हटलं, "मी येईपर्यंत त्यावर कुणालाही पाय ठेवू देऊ नकोस. सरपंचांना सांग. जागेची नीट काळजी घ्या म्हणावं." गावाचं नाव इथे लिहीत नाही. का, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

सोमवार, चुडावा

मला उतरायचं होतं परभणीला, उतरले चुडाव्याला. रात्रभर जागरण झालं होतं. पॅसेंजरमध्ये समोर एक बाई बसल्या होत्या, त्यांना मी बजावलं होतं, "परभणी आली की उठवा." जाग आली तेव्हा परभणी मागे पडली होती, पूर्णाही मागे पडली होती. मी विचारलं, "अहो, उठवलं का नाही?"

"लय बेस झोप लागली होती बगा तुमाला," त्या म्हणाल्या. "मोडावी वाटली न्हाई."

चुडाव्याच्या फलाटावर त्याही उतरल्या, त्यांचं गाव तेच. मला एकटीला सोडून जाईनात. बाकावर बसवून त्यांनी ज्वारीची भाकरी आणि लाल ठेचा काढला. आमच्या सांगलीकडे ठेचा हिरवा आणि ओलसर; हा वाळल्या मिरचीचा, शेंगदाण्याचा आणि असा जहाल, की डोळ्यांतून पाणी आलं. बाईंना वाटलं मी गाडी चुकल्याचं रडतेय. त्यांनी आणखी अर्धी भाकरी दिली. मग उलट्या दिशेच्या गाडीनं पूर्णेला आले, तिथून एसटीनं पालम. सकाळी अकराला पोचायची ती दिवेलागणीला पोचले.

माधव परभणीला आठवडाभर शिक्षकांच्या प्रशिक्षणात अडकला होता, तोही त्याच संध्याकाळी परतला. म्हणजे माळावर काय चाललंय ते त्यालाही ठाऊक नव्हतं. "सरपंचांना सगळं समजावून सांगितलंय, मॅडम," तो म्हणाला. "लय मन लावून बंदोबस्त करायलेत."

ते ऐकून मी निर्धास्त झोपले.

मंगळवार, माळ

सकाळी माधवच्या बायकोनं सुशीला केला. आमच्याकडे चुरमुरे भेळेत जातात, इथे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीच्या फोडणीत टाकतात. मी दोनदा मागून घेतला. त्या दिवसातली तेवढीच एक गोष्ट माझ्या मनासारखी झाली.

सरपंचांची जीप न्यायला आली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, फुटलेला कापूस, फुलावर आलेल्या तुरी. मग जमीन हळूहळू फिकी पडत गेली, मुरूम दिसायला लागला, आणि पिकं संपून वाळलेली कुसळं, बोरीची झुडपं आणि सीताफळीच्या जाळ्या सुरू झाल्या. माळावर कोरा करकरीत मुरूमरस्ता होता. मला ते जरा खटकलं. फोटोत रस्ता नव्हता.

जीपमधून उतरले तर समोर माझाच फोटो. बारा फुटी फलक. माधवच्या वर्गाच्या तीस वर्षांपूर्वीच्या समूहचित्रातून माझं तोंड कापून काढलेलं, शेजारच्या मुलाचा अर्धा कान तसाच राहिलेला, आणि खाली 'जागतिक कीर्तीच्या शास्त्रज्ञ यांचे सहर्ष स्वागत'. फलकामागे बाभळीच्या काट्यांचं कुंपण. कुंपणाला पाटी: 'पाय ठेवण्यास सक्त मनाई, हुकुमावरून'. आणि कुंपणाच्या आत ती वेटोळी.

पांढरीशुभ्र! एकूणएक दगडाला चुना फासलेला आणि दर पाचव्या दगडाला गेरू. मंत्री किंवा कलेक्टर यायचे असले की शाळेच्या वाटेवरचे दगड रंगवतात ना, अगदी तसं. सरपंच हात जोडून उभे. मनानं चांगला माणूस, पन्नाशीचा, पांढऱ्या कपड्यांवर चुन्याचे शिंतोडे. स्वतः राबला होता.

"कसं वाटलं, म्याडम? तीन दिस झाले, सगळा गाव लागलाय."

मी पिशवीतून ड्रोनच्या फोटोची छापील प्रत काढली. "या दोन वाटा बाहेर येत होत्या, त्यांची तोंडं कुठे गेली?"

"ती फट होती. कुनी तरी दगडं नेली असतील बांधायला. आमी बुजिवली. आता बगा, कसं एकदम गोल!"

"आणि हे बाहेरचं वेटोळं?"

"ते रस्त्याखाली गेलं थोडं. जीप वर यायला पाहिजे का न्हाई? तुमाला चालवत आनायचं का एवढं उन्हाचं?"

दगड शेकडो वर्षं एका जागी पडून राहिला की त्याची उन्हाकडची बाजू काळवंडते, खालची फिकी राहते, अंगावर दगडफुलाचे डाग पडतात. त्यावरून कुठला दगड कधीपासून तिथे आहे याचा काहीतरी अंदाज लागतो. मी त्यासाठी आले होते. ते सगळं पुसून त्यावर दोन हात चुना दिला होता, आणि एक बाई ताटात शाल, नारळ, खण घेऊन माझी ओटी भरायला पुढे आली. मला रडू आलं. मला रडू आलं की मी ओरडते. मी ओरडले. इतकी जुनी वस्तू, इतका मूर्खपणा, विचारायचं तरी, असं बरंच काही. शेवटी दम लागून थांबले.

सरपंचांचं तोंड एवढंसं झालं. "पन म्याडम, तुमीच तर म्हनल्या काळजी घ्या."

तेवढ्यात काट्यांपलीकडून एक म्हातारी आली. सत्तरीची, काटक, हिरवं लुगडं, हातात मेंढरं वळायची काठी, पायांत काही नाही. माळाच्या खालच्या अंगाला धनगरांची सात घरं आहेत, त्यांतल्या या गिरजाबाई. त्यांनी माझ्याकडे नखशिखांत पाहिलं आणि सरपंचांना विचारलं, "हीच का ती बाई? जिनं आमची वाट बंद केली ती?"

"मावशे, म्याडम लय मोठ्या..."

"असतील. परवा मेंढरं निघायलेत. त्याच्या आदी चालायचं असतंय. चालू कुटून? तोंड बुजिवलं तुमी."

मी म्हटलं, "थांबा. यावरून तुम्ही चालता?"

"मग काय डोस्क्यावर घिऊन नाचायचं?"

कबूल करते, मला आधी आनंदच झाला. मी वही उघडली. कधीपासून चालता, वर्षातून किती वेळा, कोण कोण, आधी काही पूजा असते का? गिरजाबाई दोन प्रश्नांपुरत्या थांबल्या आणि मग काठी आपटून म्हणाल्या, "बाई, तुमी मला प्रश्न इचारायलात, आन माझी दोन लेकरं एकमेकांशी बोलंनात. त्याचं काय करू सांगा."

मग तिथेच कुंपणाशी बसून त्यांनी जे सांगितलं ते असं. दिवाळी झाली की निम्मी माणसं मेंढरं घेऊन चरायला निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. सात-आठ महिने. निघायच्या दिवशी सकाळी सगळे या वाटेनं चालतात. जाणारे पुढे, राहणारे मागे, एकच रांग. वाट अशी लावलेली आहे, की आत जाणारा माणूस बाहेर येणाऱ्याच्या अगदी शेजारून, तोंडासमोर तोंड येईल असा जातो. मध्ये फक्त दगडांची एक ओळ. प्रत्येक माणूस प्रत्येकाला दोनदा भेटतो, एकदा उजव्या हाताला, एकदा डाव्या. आणि नुसतं बघून जायचं नाही.

"एक शब्द तरी बोलायचा," गिरजाबाई म्हणाल्या. "भांडन असू दे न्हाई तर काही असू दे. घरी काय, मानूस तोंड चुकवतंय. हिकडून आला की तिकडून जातंय. हितं कुटं जानार? दोन्ही बाजूला दगड. पैल्यांदा न्हाई बोललं तर दुसऱ्यांदा बोलावं लागतंय."

त्यांचा थोरला, भागवत, दरवर्षी मेंढरांमागे जातो. धाकटा लिंबाजी यंदा म्हणाला, मी येणार नाही, मला जेसीबी चालवायला मिळतोय. भागवत म्हणाला, मग मला भाऊ नाही. पोळ्यापासून अबोला. त्यात सरपंचांनी रस्ता काढायला जेसीबी बोलावला तो लिंबाजीचाच, आणि बाहेरचं वेटोळं त्याच्याच हातून मुरुमाखाली गेलं. 'मॅडमचा हुकूम आहे' म्हटल्यावर त्यानंही गाडी घातली. आता भागवत म्हणतो, वाट मोडली ते बरं झालं, बोलायची कटकट गेली.

"त्याच्या काकाचं असंच झालं," गिरजाबाई म्हणाल्या. "माझ्या मालकाशी भांडला, त्या साली पाऊस लय, कुनी चाललंच न्हाई. मालक गेले ते परत आलेच न्हाईत, वाटंतच ताप भरला. काका अजून म्हनतोय, एक शब्द बोललो असतो. मला लय भ्या वाटायलंय, बाई."

मी वही मिटली. गेले तीन दिवस माझ्या हुकुमाचा बंदोबस्त करण्यात सगळा गाव राबला होता, आणि त्यात या बाईची वाट बुजली होती. मघाशी मूर्खपणा म्हणून ओरडले तो कुणाचा, हे मला तेव्हा कळलं. सरपंचांकडे बघवेना.

"गुरुवारपर्यंत परत लावता येईल?" मी विचारलं.

"उद्याच्याला लावू," गिरजाबाई म्हणाल्या. "आदी ती पाटी काढा."

बुधवार

पहाटेपासून काटे काढले. जेसीबीनं मुरूम उकरला, लिंबाजीनं खाली दबलेले दगड एकेक करून वर आणले. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा, मान खाली घालून काम करत होता. तो माळाच्या या टोकाला आला की भागवत त्या टोकाला जायचा. दोघांना एकाच कामावर बघून मला आशा वाटत होती. दुपारपर्यंत ती गेली. दगड उचलायला चार हात लागले तरी भागवत सरपंचांना हाक मारायचा, भावाला नाही.

मी ड्रोनचा फोटो पुढे केला. आपण अगदी शास्त्रशुद्ध मांडू, असं म्हटलं. गिरजाबाईंनी तो उलटा धरला, मग सुलटा धरला आणि परत दिला. "हे गेल्या सालचं हाय," त्या म्हणाल्या. मग काठी टेकत चालायला लागल्या. खाली बघतसुद्धा नव्हत्या. नजर लांब मेंढरांवर, तोंडानं सुनांना ओरडणं चालू, आणि पाय आपले वळत होते. आम्ही मागून त्यांच्या पावलांच्या दोन्ही बाजूंना दगड ठेवत गेलो. मी, माधव, सरपंच, गावातली दहा-बारा माणसं. ओला चुना सगळ्यांच्या हातांना.

एका जागी त्या फोटोपेक्षा हातभर बाहेरून गेल्या. मी थांबवलं. "इथे चुकलं. फोटोत वाट आतून आहे."

"असंल. औंदा पोरं वाढलीत, जरा ऐसपैस पाहिजे."

"म्हणजे दरवर्षी बदलता?"

"मेंढरं दगडं पाडत्यात, पोरं घिऊन जात्यात. दर साली लावावं लागतंय. त्यात काय एवढं?"

मी विचारलं, मग हे जुनं किती? म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. "दगडाचं इचारायलात का वाटंचं? दगड ह्या सालचं. वाट माझ्या सासूला तिच्या सासूनं दावली, तिला तिच्या सासूनं. त्याच्या म्होरलं मला मालूम न्हाई."

म्हणजे चुना लागला नसता तरी दगडांच्या काळ्या-पांढऱ्या बाजूंवरून मला काही कळणार नव्हतं. सांगलीहून गाड्या बदलत, चुडाव्याला भलतीकडे उतरत, ओरडून घसा बसवत मी ज्या पुराव्यासाठी आले तो तिथे कधी नव्हताच. मी एका बाजूला जाऊन बसले आणि रागारागानं तीन सीताफळं खाल्ली. गिरजाबाई शेळीच्या दुधाचा चहा घेऊन आल्या. "रुसल्या का, बाई?" मी नाही म्हटलं. त्यांनी दुपारी पुन्हा भाकरी आणि अंबाडीची भाजी आणून दिली आणि ताटली रिकामी होईस्तोवर समोरून हलल्या नाहीत.

संध्याकाळी दोन्ही तोंडं मोकळी झाली. वाट चुन्यानं बरबटलेली, कुठे पांढरी, कुठे तांबडी, एकंदर भयंकर दिसत होती. गिरजाबाईंना ती छान वाटली. "उजेड नसला तरी दिसंल," म्हणाल्या.

गुरुवार

सकाळी माळाच्या पायथ्याशी मेंढरं गोळा झाली होती. घोड्यांवर बिऱ्हाड लादलेलं, वर कोंबड्या बांधलेल्या, एका घोड्याच्या पाठीवर दोन पोरं आणि एक कोकरू. मी कॅमेरा गळ्यात अडकवून उंचवटा शोधत होते. गिरजाबाई आल्या. "बगायला उभं ऱ्हायचं न्हाई. एक तर चालायचं, न्हाई तर माळाखाली जायचं."

"मी फक्त एका बाजूला..."

"बाजूला कुनी नसतंय."

माधवनं ड्रोनवाल्याला बोलावलं होतं. त्यालाही खाली पाठवलं. कॅमेरा जीपमध्ये ठेवला आणि मी रांगेत उभी राहिले. सगळ्यात पुढे जाणारे बायका-पुरुष, लहान पोरं कडेवर, त्यांच्यातच भागवत. त्यांच्यामागे राहणाऱ्यांतल्या पहिल्या गिरजाबाई, त्यांच्यामागे मी, माझ्यामागे लिंबाजी. शेवटी कुठे तरी माधव आणि सरपंच.

रांग आत शिरली. वाट अरुंद आहे, एका माणसाची. थोडा वेळ समोर कुणीच नाही, नुसती पुढच्याची पाठ. मग पुढचे मधोमध वळून परतायला लागले आणि एकदम शेजारून तोंडं यायला लागली. कल्पना नव्हती इतकी जवळून. "म्हातारीला गोळ्या देत जा." "माझी घोंगडी परत आन." "पोराला शाळंत घाल, खाडे करू दिऊ नको." कुणी हसत, कुणी डोळे पुसत, चालता चालता. मलाही प्रत्येक जण काही तरी म्हणत होता: "पुन्यांदा या," "चुन्याचं वाईट वाटून घिऊ नका." मी आधी दोघांना नमस्कार म्हटलं. तिसरी एक पोरसवदा आई होती, कडेवर तान्हं. मी म्हटलं, "त्याचे कान झाक. उघड्यावर थंडी असेल." ती म्हणाली, "व्हय, बाई." आणि मी दोन पावलं मान वळवून तिच्या पाठीकडे पाहत चालले. का, ते मला सांगता येणार नाही. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

भागवत उजव्या हाताला आला. आईला म्हणाला, "येतो." तिनं त्याच्या दंडाला हात लावला. मला म्हणाला, "येतो, बाई." मी कान मागे लावले. काही नाही. नुसती पावलं. मागून लिंबाजीचा श्वास मात्र ऐकू आला. गिरजाबाईंनी वळून पाहिलं नाही, पण त्यांची मान ताठ झाली होती.

अर्धं वेटोळं गेल्यावर तो पुन्हा आला, आता डाव्या हाताला. आईशी बोलला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुढे गेला. माझ्यामागची पावलं थांबली. मी वळून पाहिलं. लिंबाजी वाटेत उभा राहिला होता. तो उभा म्हणून त्याच्यामागची सगळी रांग उभी. ओलांडून कुणी पुढे जाऊ शकत नव्हतं. भागवत त्याच्यासमोर आला, मेंढरांकडे बघत राहिला आणि एक पाऊल पुढे टाकलं. लिंबाजीचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. भागवतनं दुसरं पाऊल टाकलं.

मी तिथे पाहुणी होते. बघणारी, लिहून घेणारी. मधे पडायचं नाही हे मी तीस वर्षं मुलांना शिकवलं. पण माझी सहनशक्ती मंगळवारीच संपली होती.

"अहो, बोला की!" मी ओरडले. "दोघंही बोला! एवढी माणसं खोळंबलीत, माझी एसटी चुकायला आलीय!"

भागवत थांबला. भावाकडे न बघताच म्हणाला, "लंगडी मेंढी खाली ठिवलीया. तिच्या खुराला दवा लाव."

"कवा?" लिंबाजीनं विचारलं.

"रोज सांच्याला."

"बरं."

भागवत पुढे गेला. मागची रांग हलली. गिरजाबाई तोंड वळवून म्हणाल्या, "चला म्होरं," पण ते मला ओठांवरूनच कळलं. मधोमध वळून मी परतायला लागले तेव्हा सरपंच समोरून येत होते. पहिल्या भेटीत ते म्हणाले, "म्याडम, चुकलं आमचं." दुसऱ्या भेटीत मी म्हटलं, "तुमचं नाही. माझं."

मेंढरं गेली, धूळ खाली बसली. माझी दुपारची एसटी अर्थातच चुकली.

पेरूतल्या त्या रेघांचं कोडं मला यातून सुटलं असं मी म्हणत नाही. तिथली माणसं वेगळी, काळ वेगळा, कारणंही वेगळी असतील. विमानातून डोळे मिटून पाहिलेलं ते अर्धं माकड मात्र आता निराळं आठवतं. त्या एका रेघेवरून रांगेनं कोण गेलं असेल, कुणाच्या शेजारून कोण गेलं असेल, असं मनात येत राहतं. प्रकरण तसंच पडून आहे. फोटो न काढल्याबद्दल प्रकाशकांनी दोनदा बोलून घेतलं. गावाचं नाव त्यांनाही सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की ड्रोन येणार, कुंपण येणार आणि पाटी येणार.

संध्याकाळी लिंबाजीनं मला मोटरसायकलवरून पालमला सोडलं. त्याच्या हातांना औषधाचा जांभळा डाग होता. स्टँडवर एसटीची वाट बघत आम्ही चहा घेत होतो, तो वाटेत एक अक्षर बोलला नव्हता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नाव बघून तो उठून उभा राहिला. दोन पावलं लांब गेला, पण मला ऐकू येत होतं.

"लावलं," तो म्हणाला. "व्हय, धुऊन लावलं. उंद्या बी लावतो."

पलीकडून काही तरी लांबलचक बोलणं झालं. लिंबाजी मान हलवत राहिला, फोनवर मान हललेली दिसत नाही हे विसरून. मग त्यानं विचारलं, "जेवलास का, दादा?"